रुग्णवाहिकेला उशीर नेमका कुठे होतो?

रात्रीचे दोन वाजलेत. एका लहानशा आरोग्य केंद्रात एक बाई बाळंत झाली. बाळ रडलं, सगळ्यांना हायसं वाटलं. अर्ध्या तासाने परिचारिकेच्या लक्षात आलं, की रक्त थांबतच नाहीये. केंद्रात शस्त्रक्रियेची सोय नाही, रक्त नाही, डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात. मोठं रुग्णालय चाळीस किलोमीटरवर आहे. परिचारिका फोन लावते.

प्रसंग कल्पनेतला आहे. पण आफ्रिका, आशिया किंवा लॅटिन अमेरिकेतल्या कुठल्याही दुर्गम भागात तो आज रात्रीही घडत असेल. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव कुणी आवरला नाही, तर चांगली धडधाकट बाई दोनेक तासांत जाऊ शकते. २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या.

आता त्या फोननंतरचा हिशेब मांडू. रुग्णवाहिका मोठ्या रुग्णालयात उभी आहे. रस्ता खडबडीत, वेग कसाबसा ताशी २५ किलोमीटर. म्हणजे केंद्रापर्यंत यायला ९६ मिनिटं. रुग्णाला गाडीत घ्यायला दहा. परत जायला आणखी ९६. एकूण ३ तास २२ मिनिटं. यात ड्रायव्हर झोपलेला नव्हता, टायर फुटला नाही, डिझेल संपलं नाही, ओढ्याला पाणी आलं नाही. सगळं अगदी सुरळीत झालं, तरीही बाईकडे होते दोन तास आणि गाडीला लागले साडेतीन.

यातला अर्धा वेळ गाडी रिकामी धावत होती, हे लक्षात घ्या. रुग्णवाहिका सेवेबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा गाड्या किती एवढंच विचारतात. त्या उभ्या कुठे असतात हे फारसं कुणी विचारत नाही. मलावी देशातल्या मंगोची जिल्ह्यात एक साधा प्रयोग झाला होता. मोटारसायकलला बाजूने एक झोपण्यापुरती गाडी जोडलेल्या रुग्णवाहिका थेट तीन दुर्गम आरोग्य केंद्रांतच ठेवल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळंतिणींना रुग्णालयात नेण्यातला उशीर दोन ते साडेचार तासांनी कमी झाला. चारचाकी रुग्णवाहिकेच्या तुलनेत अशा मोटारसायकलची किंमत एकोणिसाव्या हिश्शाइतकी होती आणि वर्षभर चालवण्याचा खर्च साधारण चोविसाव्या हिश्शाइतका. मोटारसायकल काही मोटारीपेक्षा वेगाने धावत नव्हती. पण ती रुग्णाशेजारीच उभी होती, त्यामुळे यायची फेरी वाचली. अर्थात बाजूच्या त्या गाडीत, उन्हापावसात, खड्ड्यांतून कळा सोसत जाणं सुखाचं नसतं आणि वाटेत तिच्यावर उपचार करायला जागाही नसते. फुकटात काही मिळत नाही.

पण रस्त्यावरचा उशीर हा मधला उशीर झाला. त्याच्या आधी एक असतो आणि नंतर एक. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघी अभ्यासकांनी माता-मृत्यूंची कारणं शोधताना 'तीन विलंब' अशी मांडणी केली. दवाखान्यात जायचं हे ठरवण्यातला विलंब, तिथवर पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला विलंब. मांडणी बाळंतपणासाठी केली होती, पण अपघात, सर्पदंश, लहान मुलाचा न्यूमोनिया, पक्षाघात, कशालाही ती लागू पडते. रुग्णवाहिका वरवर पाहता फक्त मधल्या विलंबावरचा उपाय वाटतो. प्रत्यक्षात ती तिन्हींत गुंतलेली असते.

पहिला विलंब घरात होतो. जायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हा निर्णय घरातली माणसं मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करून घेतात. गाडीचं भाडं किती? रात्री कोण येईल? पोहोचल्यावर दाखल करून घेतील का? आणि एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण असतो सगळ्यांच्या मनात. तिथे काही बरंवाईट झालं तर माणूस घरी परत आणायचा कसा? मृतदेह न्यायचं भाडं जिवंत माणसाच्या भाड्यापेक्षा जास्त असतं, हा अनुभव पुष्कळ गरीब घरांनी घेतलेला असतो. अशा वेळी विनाशुल्क गाडी आणि सहज लक्षात राहील असा एक क्रमांक असला, तर घरातली ती चर्चा तासाभराऐवजी पाच मिनिटांत आटोपते. भारतात १०८ क्रमांकाची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे बहुतेक राज्यांत पसरली. श्रीलंकेने भारताच्या मदतीने २०१६ मध्ये १९९० या क्रमांकाची मोफत सेवा आधी दोन प्रांतांत आणि नंतर देशभर नेली. या सेवांचं पहिलं काम गाडी निघण्याच्याही आधी होतं: घरच्यांना 'बोलवू या' म्हणायला बळ मिळतं.

गाडी मोफत आहे असं कागदावर लिहिलेलं असणं आणि ती खरंच मोफत असणं यांत मात्र अंतर असतं. महिन्याचा डिझेलचा कोटा वीस तारखेलाच संपला, की 'गाडी आहे, तेलाचं तेवढं बघा' असं नातेवाइकांना ऐकवलं जातं. ज्याच्याकडे तेवढे पैसे त्या क्षणी नसतात, त्याच्यासाठी गाडी नसल्यातच जमा. तो पुन्हा फोन करत नाही, आणि शेजाऱ्यालाही करू देत नाही.

डिझेल का संपतं, हे समजायला गाडीचा खरा खर्च बघावा लागतो. रुग्णवाहिकेची खरेदी ही सगळ्यांत सोपी आणि फोटोत छान दिसणारी बाब आहे. हार घातलेल्या नव्याकोऱ्या गाड्यांची रांग, हिरवा झेंडा, किल्ल्या सुपूर्द. पण आठवड्याचे तास असतात १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं, तर चोवीस तास गाडी चालू ठेवायला साडेतीन ड्रायव्हर लागतात. रजा, आजारपण, सण धरले तर चार ते पाच. तेवढेच मागे बसणारे प्रशिक्षित सहायक. म्हणजे एका गाडीमागे आठ ते दहा पगार, दरमहा, गाडी भंगारात जाईपर्यंत. त्यावर टायर, बॅटरी, विमा, औषधं, ऑक्सिजन भरणं. खरेदीसाठी देणगीदार मिळतो, राजकीय इच्छाशक्तीही मिळते. चौथ्या वर्षीच्या टायरसाठी दोन्ही मिळत नाहीत. बाहेरून भेट आलेल्या गाड्यांचा तर वेगळाच त्रास असतो. त्या मॉडेलचे सुटे भाग देशात कुठेच मिळत नाहीत, बूड जमिनीला इतकं टेकलेलं की पहिल्याच चाकोरीत अडकावं. रुग्णालयांच्या मागच्या बाजूला गवतात रुतून बसलेल्या, अजून चांगल्या दिसणाऱ्या गाड्या कितीतरी देशांत सापडतील.

वाटप कसं करायचं हाही तिढाच आहे. घानाची राजधानी आक्रा इथे ९ मे २००१ रोजी फुटबॉल स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी होऊन १२६ माणसं मेली. त्यानंतर तिथे राष्ट्रीय रुग्णवाहिका सेवा उभी करण्याच्या हालचालींना जोर आला आणि २००४ मध्ये ती सुरू झाली. २०२० च्या जानेवारीत त्या देशाने ३०७ नव्या गाड्या एकदम आणल्या. घोषणा होती प्रत्येक मतदारसंघाला एक. न्याय्य वाटतं. पण मतदारसंघाची हद्द मतांसाठी आखलेली असते. अपघातांचा महामार्ग किंवा जास्त बाळंतपणं होणारी वस्ती ती हद्द बघून ठरत नाही. लोकसंख्येवर आधारित दंडकातही हाच घोळ आहे. भारतात साध्या सोयीची एक रुग्णवाहिका दर एक लाख लोकांमागे आणि प्रगत सोयीची एक दर पाच लाखांमागे असा दंडक आहे. दाट वस्तीच्या सपाट भागात एक लाख लोक दहा किलोमीटरच्या आत राहतात. डोंगरात तेवढेच लोक इतक्या लांबवर विखुरलेले असतात, की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन यायला अख्खा दिवस जातो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उभी असलेली रुग्णवाहिका म्हणजे वाया जाणारी रुग्णवाहिका, असं हिशेब तपासणाऱ्यांना वाटतं. मग तिला औषधांची खोकी आणायला पाठवतात, साहेबांना बैठकीला सोडायला पाठवतात. आपल्या गोष्टीतली गाडी एका फेरीत साडेतीन तास अडकली होती. त्या साडेतीन तासांत दुसरा फोन आला, तर दुसऱ्या रुग्णाची वाट आपोआप साडेतीन तासांनी लांबते. गाडी जितकी जास्त वेळ कामात, तितकी पुढच्याला मिळण्याची शक्यता कमी. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा आहे म्हणून कुणी त्यातून भाजीपाला आणत नाही. रुग्णवाहिकेचं उभं असणं हेही तिचं कामच आहे.

बरं, गाडी उभी आहे, तेलही आहे, ड्रायव्हर जागा आहे. जायचं कुठे? श्रीमंत देशांत रस्त्याचं नाव आणि घराचा क्रमांक सांगितला की नकाशावर ठिपका उमटतो. जगातल्या कितीतरी वस्त्यांना असला पत्ताच नाही. फोन करणारा घाबरलेला, त्याच्या आणि फोन घेणाऱ्याच्या बोलीत फरक. 'पिंपळापाशी या' म्हणतो, आणि पिंपळ तीन असतात. म्हणून चांगल्या कॉल सेंटरमधली माणसं पत्ता विचारण्यापेक्षा खुणा विचारतात, फोन चालू ठेवायला सांगतात आणि कुणाला तरी मुख्य रस्त्यावर टॉर्च घेऊन उभं करायला लावतात. मोबाईलच्या ठिकाणावरून शोध घेण्याचं तंत्र मदतीला येतंय खरं, पण ज्या दरीत नेटवर्कच नाही तिथे टॉर्चवाला माणूसच लागतो.

मग गाडी येईपर्यंत काय करायचं? माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, आणि त्यावर बोललं सगळ्यांत कमी जातं. रुग्णवाहिका सेवेचे दोन ढोबळ विचार आहेत. एक, रुग्णाला उचला आणि पळा. दुसरा, जागेवर थांबून स्थिर करा, मग न्या. रुग्णालय दहा मिनिटांवर असेल तर पहिला बरा. दीड-दोन तासांचा प्रवास असेल, तर नुसतं पळवण्यात अर्थ नाही. वाटेत माणूस जाईल. आपल्या बाळंतिणीचं बघा. परिचारिकेकडे गर्भाशय आवळून रक्तस्राव आवरणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असेल आणि ते नीट थंड जागी ठेवलेलं असेल, तिला पोट चोळून गर्भाशय आकुंचन पावायला मदत करता येत असेल, तर ते दोन तास पुष्कळ लांबवता येतात. रक्तस्रावासाठी एक खास पोशाख असतो. घोट्यापासून पोटापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी घट्ट गुंडाळायचा. त्याने पायांतलं आणि पोटातलं रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे वळतं, रक्तस्रावही कमी होतो. त्याला वीज लागत नाही, डॉक्टर लागत नाही, आणि धुऊन तो पुन्हा वापरता येतो. चाकं नसलेली ही वस्तू कधी कधी चाकांपेक्षा जास्त वेळ मिळवून देते.

गाडीतल्या वस्तूंचाही असाच हिशेब असतो. १५०० लिटरचं ऑक्सिजन सिलिंडर मिनिटाला दहा लिटर या गतीने अडीच तास पुरतं. ९६ मिनिटांच्या प्रवासाला भरपूर. पण मागच्या फेरीनंतर भरलं नसेल आणि अर्धंच असेल, तर ते ७५ व्या मिनिटाला संपतं, आणि रुग्णालय अजून वीस मिनिटांवर असतं. गाडीत सगळी यंत्रं आहेत का, हे तपासणीत पाहिलं जातं. सिलिंडरचा काटा कुठे आहे, हे फेरी सुरू होण्याआधी पाहायची सवय लागावी लागते.

दुर्गम भागात शिकवलेली माणसं किती फरक पाडतात, याचं एक विलक्षण उदाहरण उत्तर इराक आणि कंबोडियातलं आहे. दोन्हीकडे जमिनीत भूसुरुंग पेरलेले होते आणि जखमींना रुग्णालयात न्यायला कित्येक तास लागायचे. १९९७ ते २००१ या काळात तिथे सुमारे ५,२०० सामान्य गावकऱ्यांना प्रथमोपचार शिकवले आणि त्यांच्या जोडीला १३५ स्थानिक आरोग्य कर्मचारी जास्त सखोल शिकवून तयार केले. आधी अशा गंभीर जखमींपैकी ४० टक्के मरत असत. ते प्रमाण जवळपास १५ टक्क्यांवर आलं. तिथे काही हेलिकॉप्टर आली नव्हती. जखमी पडला त्या शेतातच कुणाला तरी रक्त कसं थांबवायचं आणि श्वासाचा मार्ग कसा मोकळा ठेवायचा हे माहीत होतं.

घानात याच धर्तीवर वेगळी युक्ती केली. अपघातातल्या जखमींना बहुतेक वेळा टॅक्सी आणि ट्रकवालेच रुग्णालयात आणतात, हे दिसल्यावर ३३५ व्यावसायिक चालकांना सहा तासांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दिलं. दहा-अकरा महिन्यांनी त्यांतल्या ७१ जणांना गाठून विचारलं, तर ६१ टक्के जणांनी मधल्या काळात कुणाला तरी प्रथमोपचार दिल्याचं सांगितलं. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. जगात रस्त्यावरच्या अपघातांत वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात आणि त्यांतले ९२ टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. या जखमींना उचलणारा पहिला हात डॉक्टरचा नसतो, कुणातरी चालकाचा असतो. त्या हाताला सहा तास शिकवणं ही फार महाग गोष्ट नव्हे.

लोकांनी आपापल्या पद्धतीने रुग्णवाहिका कधीच उभ्या केल्या आहेत, सरकारची वाट न बघता. युगांडाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागात 'एन्गोझी' नावाची डोली असते. विणलेली, खांद्यावरून न्यायची. ती वाहून नेणाऱ्यांची मंडळं असतात, सभासद वर्गणी भरतात आणि कुणी आजारी पडलं की पाळीपाळीने खांदा देतात. टांझानियात बाळंतिणीसाठी आलेला फोन जवळच्या गाडीवाल्याकडे वळवतात आणि त्याचं भाडं मोबाईलवरून चुकतं करतात. रुग्णाच्या खिशाला हात लागत नाही. याला रुग्णवाहिका म्हणायचं का, यावर तज्ज्ञ वाद घालोत. रात्री दोन वाजता जी येते ती रुग्णवाहिका.

आणि हे काही मागासलेपणाचं लक्षण आहे असं मानायचं कारण नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत एक राष्ट्रीय पातळीवरचा अहवाल निघाला. त्यात नोंद होती, की देशातली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवतात. कारण साधं होतं. आडवं झोपवता येईल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच होती! जिवंत असेल तर रुग्णालय, नसेल तर आपलंच दुकान. तिथून आजच्या प्रशिक्षित पॅरामेडिकपर्यंत यायला त्यांनाही काही दशकं लागली.

मात्र श्रीमंत देशांची फूटपट्टी जशीच्या तशी उचलू नये. इंग्लंडमध्ये सगळ्यात गंभीर कॉलसाठी सरासरी सात मिनिटांत पोहोचण्याचं उद्दिष्ट असतं. त्याचं मूळ हृदय बंद पडण्याच्या घटनांत आहे. छाती दाबणं आणि विजेचा झटका यांच्याविना जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. चाळीस किलोमीटरवरच्या केंद्रासाठी हे उद्दिष्ट म्हणजे चेष्टा आहे. तिथल्या रुग्णवाहिकेचं मुख्य काम रस्त्यावर कोसळलेल्याला गाठणं हे नसतंच. लहान केंद्रातून मोठ्या रुग्णालयात रुग्ण पुढे पाठवणं, हे तिचं रोजचं काम. या दुव्यामुळेच लहान केंद्राला अर्थ येतो. अडलंच तर पुढे पाठवता येईल असा भरवसा असेल, तर परिचारिका बाळंतपण हाती घेते. नसेल, तर ती सुरुवातीलाच हात वर करते, आणि गावातल्या बायका केंद्राकडे फिरकायच्या बंद होतात.

आता तिसरा विलंब. गाडी रुग्णालयाच्या दारात पोहोचली. आत रक्त आहे का? भूल देणारे डॉक्टर रात्री असतात का? खाट आहे का? निघण्याआधी एक फोन करून हे विचारलं नसेल, तर 'इथे सोय नाही, पुढे घेऊन जा' हे वाक्य ऐकायला मिळतं आणि ९६ मिनिटांचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कधी खाट नसते म्हणून रुग्णाला गाडीच्याच स्ट्रेचरवर व्हरांड्यात ठेवतात. स्ट्रेचर अडकलं की गाडी अडकली, आणि गाडी अडकली की मागच्या चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात कुणालाच गाडी नाही. रुग्णालयातली खाटांची टंचाई अशी व्हरांड्यातून सरकत सरकत डोंगरातल्या वस्तीपर्यंत जाते. म्हणून काही ठिकाणी उलटा विचार झाला. रुग्णाला रक्ताकडे नेण्याऐवजी रक्त रुग्णाकडे न्यायचं. रवांडात २०१६ पासून ड्रोनने लहान रुग्णालयांना रक्त पोहोचवलं जातं. अनेक देशांत मोठ्या रुग्णालयाशेजारी निवारे आहेत. लांबून येणाऱ्या, जोखमीच्या गरोदर बायका शेवटचे दोन आठवडे तिथेच राहतात, म्हणजे ऐन वेळी गाडीची गरजच उरत नाही.

समजा, आपल्या गोष्टीतल्या बाईचं सगळं जुळून आलं. इंजेक्शन थंड होतं, गाडी जवळ होती, रक्त मिळालं. पाच दिवसांनी तिला घरी सोडलं. आता ती बाळाला घेऊन रुग्णालयाच्या फाटकापाशी उभी आहे. अंगात रक्त कमी, टाके ताजे, घर चाळीस किलोमीटर. येताना गाडी मोफत होती. परतीच्या गाडीची तरतूद काही ठिकाणी असते. पुष्कळ ठिकाणी ती कुणाच्या लक्षातच आलेली नसते. नवरा जीपवाल्याशी भाड्याची घासाघीस करतोय, आणि शेजारी उभी असलेली त्याची आई किती पैसे गेले ते बोटांवर मोजतेय. पुढच्या खेपेला घरात 'बोलवू या का' अशी चर्चा निघेल, तेव्हा हा आकडा ती सांगेल.